टेनिसबप्पा

मांजरसुंब्याला कुणी मुद्दाम येत नाही, गाडी बदलायला येतात. बीडहून घाट चढून वर आलं की हा फाटा लागतो. सरळ गेलं तर चौसाळा, धाराशिव, सोलापूर. एका हाताला नेकनूर, केज, अंबाजोगाई. दुसऱ्या हाताला पाटोदा, जामखेड. कार्तिकात कपिलधारला मन्मथस्वामींच्या यात्रेला जाणारे तेवढे इथे ठरवून उतरतात, बाकी सगळे नाइलाजाने. केजच्या नोकरीपायी मी या नाइलाजात अकरा वर्षं काढली.

अशाच एका सकाळी पिशवी सांभाळत उभा होतो, तर मागून आवाज आला,

"साहेब, टाचा टेकवून उभं राहिलाव, म्हणून तुमची गाडी हुकती."

वळून पाहिलं. साठी उलटलेला, उंच, वाळक्या अंगाचा माणूस. पांढरा सदरा, पांढरा पायजमा, पांढरी टोपी आणि पायांत पांढरे कॅनव्हासचे बूट. तलाठी दप्तर मारतो तशी काखेत टेनिसची रॅकेट मारलेली.

"गाडी आली की दार पुढं थांबंल का मागं, ठाव नसतंय. ज्याची टाच भुईला, तो राहिला. चवड्यावर यायचं, अंग सैल सोडायचं, गाडी वळली की हलकी उडी. मग जिकडं दार तिकडं आपण. टेनिसमधी ह्याला स्प्लिट स्टेप म्हणतेत. समोरच्यानं चेंडू मारला रं मारला की ही उडी. निम्मं टेनिस ह्यातच हाय."

त्या दिवशी मला खिडकीची जागा मिळाली. तेव्हापासून मी त्यांचा शिष्य.

आमच्या जिल्ह्यात वडीलधाऱ्याला मानाने बप्पा म्हणतात. गावोगाव एखादा कीर्तनातला बप्पा असतो, एखादा सोसायटीतला, एखादा नुसताच भांडणातला. टेनिसचा बप्पा मात्र अख्ख्या बालाघाटात हा एकच. एका शाळेत क्रीडाशिक्षक म्हणून त्यांची हयात गेली. म्हणजे कागदोपत्री खो-खो, कबड्डी आणि सव्वीस जानेवारीची कवायत. पण १९९४ साली बालेवाडीच्या नव्याकोऱ्या संकुलात राष्ट्रीय क्रीडास्पर्धा झाल्या, तिथे हे तरुणपणी स्वयंसेवक म्हणून गेले होते. काम होतं पाण्याच्या टाकीपाशी उभं राहायचं. टाकीपासून टेनिसचं कोर्ट दिसायचं. आठ दिवसांनी सगळे स्वयंसेवक घरी परतले, बप्पांचं मन मात्र टाकीपाशीच उभं राहिलं.

परदेशी जाऊन आलेली माणसं आपण पुष्कळ पाहतो. काहींना तिथलं सगळंच गोड लागतं, काही जण तिथे कढीपत्ता मिळत नाही म्हणून हळहळतात. बप्पा तिसऱ्या जातीचे आहेत. ते न जाताच परत आले आहेत. "स्पेनमधी लेकराला पहिले सहा महिने नुसतं पायावर नाचवतेत," हे ते अशा सुरात सांगतात, की हा माणूस आत्ताच बार्सिलोनाहून जामखेडच्या गाडीने उतरला असावा. पासपोर्ट आहे. २०१२ साली काढला, देव्हाऱ्यात प्लॅस्टिकच्या पिशवीत ठेवला. दहा वर्षांनी तो कोराच संपला, तर बप्पांनी लगेच दुसरा कोरा काढला.

आंतरराष्ट्रीय टेनिस महासंघाचे कोच लोकांसाठीचे धडे मोबाइलवर मिळतात. ते बप्पांनी पोराच्या टायरच्या दुकानात बसून, कॉम्प्रेसरच्या धडधडीत ऐकले. त्यामुळे बरेच शब्द त्यांच्यापर्यंत अर्धेच पोचले. फटका मारल्यावर हात पुढे जाऊ द्यायचा, त्याला 'फॉलो थ्रू' म्हणतात. बप्पांना ते 'फॉलो तू' असं ऐकू आलं आणि ते तसंच शिकवतात. गंमत म्हणजे पोरांना ते लगेच कळतं. चेंडू गेला, आता मागून तू जा.

बप्पांचं कोर्ट टायरच्या दुकानामागे आहे. मुळात ते त्यांच्या आज्याचं खळं. ज्वारी आता मळणीयंत्रात जाते, म्हणून खळं ओस पडलं होतं. बप्पांनी दोरी धरून मोजलं, तर या टोकापासून त्या टोकापर्यंत बरोबर ३६ फूट. आता टेनिसचं पुरं कोर्ट ७८ फूट लांब असतं. पण लहान लेकरांसाठी महासंघाने मऊ लाल चेंडू आणि आखूड कोर्ट ठरवून दिलंय, त्याची लांबी ११ मीटर, म्हणजे ३६ फूटच.

"बघा, आमच्या आज्यानं महासंघाला न विचारता बांधलं!"

अडचण एकच होती. खळं गोल आणि कोर्ट चौकोनी. फक्कीने रेघा मारल्यावर लांबी बसली, पण चारही कोपरे खळ्याबाहेर ढेकळांत गेले. तिथे पडलेला चेंडू कुठे जाईल हे फेडररलाही सांगता आलं नसतं. मधला तिवडा, म्हणजे मळणीचा खांब, बप्पांनी काढला नाही. शेडनेटची हिरवी पट्टी त्यालाच बांधली. साऱ्या जगात नेट मधोमध पट्ट्याने खाली ओढतात, मांजरसुंब्यात तिवडा ते वर धरून ठेवतो.

कोर्ट दर आठवड्याला शेणाने सारवलं जातं. कुणी हसलंच, तर बप्पा ऐकवतात की दक्षिणेत जुन्या काळी चांगले चांगले खेळाडू शेणाने सारवलेल्या कोर्टावर तयार झाले. हे खरं आहे. पुढचं मात्र त्यांचं स्वतःचं: "पॅरिसला इटाची भुकटी, लंडनला गवत. आपल्याकडं त्याच गवताचं गाईनं केलेलं."

पांढऱ्या कपड्यांचंही तसंच. विम्बल्डनमध्ये खेळाडूला पांढराच पोशाख लागतो, हा नियम बप्पांना फार आवडतो. चौकात पारावर बसलेले धोतर-टोपीवाले सातआठ म्हातारे दाखवून ते म्हणतात, "हे समदे कपड्यात पास हायेत. नुसती सर्व्हिस राहिली."

चेंडूंचं खातं तर बघण्यासारखं. आमच्याकडे टेनिसचा चेंडू क्रिकेटसाठीच जन्माला येतो. कुठला ना कुठला चषक वर्षभर चालू असतो. त्यात षटकार बसला की चेंडू बाजरीत जातो, बाजरी निघाली की सापडतो. असे चेंडू पोरं बप्पांना दोन रुपयांना आणून देतात. मोठ्या स्पर्धांत पहिल्या सात गेमनंतर आणि पुढे दर नऊ गेमनंतर चेंडू बदलतात. बप्पांकडे पोरांची पिढी बदलली तरी चेंडू तोच.

पण प्रत्येक चेंडूची परीक्षा होते. नियम असा, की १०० इंचांवरून सोडलेला चेंडू ५३ ते ५८ इंच उसळला पाहिजे. दुकानाच्या भिंतीवर बप्पांनी कोळशाने खुणा केल्यात. ट्रकच्या जुन्या टायरांच्या चळतीवर एक पोरगं चढतं, १०० च्या खुणेवरून चेंडू सोडतं. खाली बप्पा भिंतीला गाल लावून एक डोळा मिटून बसतात. चेंडू कमरेइतका आला, तर हिरव्या टोपलीत. मांडीपर्यंत आला, तर नारंगी. गुडघ्यापर्यंत, तर लाल.

"कंपनीचा लाल चेंडू पंचाहत्तर टक्के संथ असतोय, नारंगी पन्नास, हिरवा पंचवीस. लेकराच्या खांद्यावरून जाऊ नये म्हणून. कंपनी त्याचे पैसे घेती. आमचे क्रिकेटवाले फुकट संथ करून देतेत."

"आणि जो उसळतच नाही तो?"

"तो मोत्याला." मोत्या दुकानाखाली झोपलेला असतो आणि त्याच्याभोवती निवृत्त चेंडू पडलेले असतात.

रॅकेटा सहा. साऱ्या पुण्याच्या जुन्या बाजारातल्या. तार तुटली की मासे धरायचा तंगूस भरतात. तंगुसाची रॅकेट वाजते फार गोड, फक्त चेंडू कुठे जायचं ते स्वतः ठरवतो.

आता मूळ मुद्दा. बप्पांचा एकच ध्यास आहे आणि त्याचा उच्चार ते 'एक्शेंज' असा करतात. आपली दोन पोरं तिकडे जावीत, तिकडची दोन इकडे यावीत. आपला एक कोच तिकडे, त्यांचा एक इकडे. आपला कोच कोण, हा प्रश्न त्यांना कधी पडला नाही. यासाठी अडत्याकडे असते तशी लाल कापडी बांधणीची वही त्यांनी केली आहे. तिला दोन रकाने: 'दिले' आणि 'घेतले'. 'दिले'मध्ये काय काय देता येईल याची यादी आधीच तयार: फाट्यावरची रबडी, पौषातला हुरडा, बालाघाटचं सीताफळ, पाण्याविना खेळ कसा चालवावा याची माहिती. 'घेतले'मध्ये: चांगले चेंडू डझनभर, दोन हातांचा बॅकहँड आणि 'कोच १ (भाकरी खाणारा)'.

पत्रंही गेली, कुठल्या कुठल्या दूतावासांना. एकाचं उत्तर आलं. टेबल टेनिसमध्ये रस दाखवल्याबद्दल त्यांनी आभार मानले होते. बप्पांनी ते पत्र लॅमिनेट केलं. "टेबल त्यांच्याकडून चुकून पडलंय," ते म्हणाले, "टेनिस तर लिवलंय ना?"

टपरीवरचे लोक त्यांना सोडत नाहीत.

"बप्पा, गोऱ्याचं लेकरू आलं तर आंघुळीला पाणी? उन्हाळ्यात टँकर दहा दिसाला येतोय."

यावर बप्पांचं अनंतपूर निघतं. आंध्रातला अनंतपूर जिल्हा आपल्यासारखाच कोरडा. तिथे २०१० साली राफाएल नदालच्या फाउंडेशनने गरीब पोरांसाठी टेनिसची शाळा काढली. टेनिस, जोडीला इंग्रजी आणि संगणक. उद्घाटनाला नदाल स्वतः येऊन गेला. आणि त्याला तिथे आणणारी संस्था कुणाची? व्हिसेंट फेरर नावाच्या स्पॅनिश माणसाची. हा फेरर १९५२ साली भारतात आला आणि आपल्या मनमाडला राहिला. त्याने शेतकऱ्यांना विहिरी खणून घ्यायला मदत केली. तो लोकांना फार जवळचा झाला, ते काहींना खुपलं आणि १९६८ साली त्याला देश सोडायचा हुकूम निघाला. शेतकरी त्याच्यासाठी मोर्चाने निघाले. दुसऱ्या वर्षी तो परतला तो मनमाडला नव्हे, अनंतपूरला.

इथवर बप्पांचा आवाज कीर्तनकारासारखा चढलेला असतो. "म्हंजे बघा! आपण त्याला मनमाडला राहू दिलं असतं, तर नदाल मनमाडला आला असता. मनमाडहून मांजरसुंबा किती लांब? एका रातीची गाडी!"

टपरी गप्प होते. पाण्याचा प्रश्न तसाच राहतो, पण तो आता नदालचा प्रश्न झालेला असतो.

नावांची माळ त्यांच्या ओठांवर आहे. कोल्हापूरकडची ऐश्वर्या जाधव २०२२ साली विम्बल्डनला चौदा वर्षांखालच्या गटात खेळून आली. पुण्याचा मानस धामणे इटलीत बोर्डिघेराला शिकला आणि २०२३ मध्ये पंधराव्या वर्षी बालेवाडीत मोठ्यांच्या स्पर्धेत उतरला. ऋतुजा भोसले अमेरिकेत टेक्सासच्या विद्यापीठाकडून खेळली आणि त्याच २०२३ मध्ये हांगझोऊच्या आशियाई स्पर्धेतून रोहन बोपण्णाबरोबर मिश्र दुहेरीचं सोनं घेऊन आली. "आन् लांब कशाला? आपल्याच आष्टी तालुक्यातला अविनाश साबळे. कोलोरॅडोच्या डोंगरात जाऊन सराव केला. गेल्याबिगर येत नसतंय काही."

"बप्पा, साबळेला पळायला नेट लागत नाही," पोरगा टायर ठोकता ठोकता म्हणतो. बापाच्या या वेडाला तो टायरच्या भाषेत 'बर्स्ट' म्हणतो. पण शेडनेट फाटलं की नवं आणून देतो तोच.

अखेर परदेश आला. आपण होऊन आला आणि पंक्चर होऊन आला. वेरूळहून हंपीला सायकलवर निघालेला हॉलंडचा एक तरुण फाट्यावर उतरला. दुकानात गर्दी झाली. त्याच्या ट्यूबचा व्हॉल्व्ह काडीसारखा बारीक, आमच्या कॉम्प्रेसरचं तोंड त्याला बसेना. शेवटी हवा त्याने स्वतःच्या पंपाने भरायचं ठरलं. ठिगळाचं सोल्यूशन वाळेपर्यंत दहा मिनिटं होती. बप्पांना दहा मिनिटं पुष्कळ झाली.

"यू टेनिस कोच?"

तो म्हणाला, नाही, मी सुतार आहे.

"नो प्रॉब्लेम. यू फॉरिन."

त्याने आयुष्यात रॅकेट धरली नव्हती. खळ्यावर त्याला उभं केलं. पहिला चेंडू त्याने सोलापूर रस्त्यावर मारला, दुसरा मोत्याला लागला. तेव्हा डावरी पुढे झाली.

डावरी म्हणजे बप्पांची सगळ्यात चांगली खेळाडू. अकरा वर्षांची, ऊसतोड मजुराची लेक. डाव्या हाताने सगळं करते म्हणून घरी बोलणी खायची. बप्पांनी तिच्या आईला सांगितलं, नदाल लिहितो उजव्या हाताने आणि खेळतो डाव्या. आईने विचारलं, नदाल कोणत्या गावचे? पण त्या दिवसापासून तिने पोरीचा हात ओढायचं सोडलं.

डावरीने त्या सहा फुटी माणसाच्या हातातली रॅकेट काढून घेतली, फिरवली आणि पुन्हा त्याच्या मुठीत बसवली. "कोयता धरतेत तशी." त्याला मराठी कळलं नाही, पण तिने हवेत ऊस तोडून दाखवला आणि सुताराला ते तत्काळ कळलं. त्याने हातोडा मारून दाखवला. तिने मान हलवली. सर्व्हिससाठी जगभरचे कोच हीच पकड शिकवतात. कुणी तिला हातोड्याची म्हणतं, कुणी कुऱ्हाडीची. मग साऱ्या पोरांनी एका सुरात कोचिंग सुरू केलं: "नी बेंड सर! नी बेंड! फॉलो तू!" पाचव्या चेंडूला त्याचा फटका नेटवरून पलीकडे गेला. लागोपाठ चार गेले, तेव्हा तो आनंदाने आपल्या भाषेत मोजू लागला आणि पोरं त्याच्यामागे ओरडू लागली: एन, ट्वे, ड्री, फीर...

सायकल दिसेनाशी झाल्यावर बप्पांनी वही उघडली. 'दिले': फोरहँड, १. 'घेतले': दहापर्यंत आकडे. मांजरसुंब्याच्या खळ्यावर आजही लागोपाठचे फटके डच भाषेत मोजतात. आठाला 'अख्त' म्हणतात, ते म्हणताना लहानगी इतकी हसतात की नवव्यापर्यंत कुणी पोचत नाही.

दसरा झाला की फाट्यावरून ट्रॅक्टर जायला लागतात. आमच्याकडे कोयता म्हणजे नुसतं हत्यार नव्हे, नवरा-बायकोची जोडी. मुकादमाची उचल घेतलेली असते, ती फेडायला असे कोयते सहा-सहा महिने कारखान्यांवर जातात. ट्रॉलीत भांडी, सरपण, कोंबड्या आणि लेकरं. बप्पांचा वर्ग दरवर्षी या दिवसांत निम्मा होतो. एकदा वही चाळताना मला त्या महिन्यांचं पान दिसलं. 'दिले'खाली नऊ पोरांची नावं होती. 'घेतले'चा रकाना कोरा. मी काही विचारलं नाही. बप्पाच म्हणाले, "एक्शेंज आपल्याकडं आधीपासून हाय साहेब. नुसतं एकीकडूनच हाय."

यंदा दसऱ्याच्या आधी बप्पा डावरीच्या घरी गेले. बापाला पटायला आठ दिवस लागले. खरी अडली ती आजी. पोरगी मागे राहायची तर आजीजवळच. आजीचा हिशेब सरळ होता.

"ठिवून घेती की. पर तिची आई गेल्यावर पानी कोन आणायचं? आन् बाजारला मला कोन न्यायचं? तुमचा तो नदाल?"

बप्पांनी तिथेच वही काढली. स्पेनसाठी आखलेल्या पानावर त्यांनी लिहिलं. घेतले: डावरी, एक हंगाम, शाळेसकट. दिले: रोज सकाळी दोन हंडे पाणी आणि नेकनूरचा आठवडी बाजार, स्प्लेंडरवर, जाऊन-येऊन. खाली आजीने अंगठा लावला. पोरगी दिवेलागणीच्या आत घरी, ही अट तिने अंगठा लावल्यावर घातली, तीही बप्पांनी समासात लिहून घेतली.

ट्रॅक्टर निघाला त्या सकाळी मी फाट्यावरच होतो. तो केजच्या बाजूला वळेपर्यंत डावरी टाचा उचलून बघत होती. बप्पा शेजारी उभे होते. त्या दिवशी त्यांनी स्पेनचं नाव काढलं नाही.

पासपोर्ट अजून कोराच आहे. आजीला गाडीवर मागे बसायची भीती वाटते, ती बप्पांचा पांढरा सदरा दोन्ही मुठींत धरून बसते आणि बाजारातून येताना भाजीची पिशवी त्यांच्या गळ्यात अडकवते. बप्पांनी अजून एकही बाजार चुकवलेला नाही.